आज वार कोणता?

माझ्या आयुष्यात निवड करण्याचे प्रसंग फारसे आलेच नाहीत. कॉमर्सला गेलो, कारण सायन्सला जाण्याइतके मार्क नव्हते आणि आर्ट्‌सला जाण्याइतके धैर्य नव्हते. बँकेत चिकटलो, कारण पहिले पत्र तिथून आले. लग्नाचे म्हणाल, तर तिकडच्या मंडळींनी मला पसंत केले; मी फक्त पोहे पसंत केले. बँकेतही गेली बावीस वर्षे मी फार तर स्टेपलरच्या पिना आणि शिक्क्याची शाई निवडत आलो आहे, आणि तीही तीन कोटेशने मागवून, तुलनात्मक तक्ता करून, ‘सर्वांत कमी दराची शिफारस करण्यात येत आहे’ असे खाली लिहून. अशा माणसावर वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी एक एलसीडी डिस्प्ले निवडायची पाळी आली.

घरात हा विषय मी जरा मोघमच काढला होता. "नानांच्या खोलीसाठी एक लहानसा पडदा घ्यावा म्हणतोय," असे मी म्हणालो.

"कापड मी निवडणार," सौ. म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही आणलेल्या पडद्यातून शेजारच्यांचा टीव्ही दिसायचा."

इथून सुरुवात होती.

नाना म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी चोवीस वर्षे खिळे जुळवले. हल्लीच्या वाचकाला खिळे म्हटले की भिंतीत ठोकायचे वाटतील, म्हणून सांगतो. शिशाची एकेक उलटी अक्षरे लाकडी केसच्या खणांतून उचलायची आणि एकापुढे एक लावून ओळ तयार करायची, याला खिळे जुळवणे म्हणत. इंग्रजी जुळवणाऱ्याचे ठीक असते. सव्वीस मोठी, सव्वीस लहान, की संपले. मराठीत अर्धी अक्षरे वेगळी, जोडाक्षरे वेगळी, वेलांट्या, उकार, रफार वेगळे. असे शेकडो खण नानांच्या बोटांना पाठ होते. पुढे छापखान्यात कॉम्प्युटर आला, खिळे वितळवायला गेले आणि नाना त्याच छापखान्यात प्रुफे तपासू लागले. आजही त्यांना विचारा, ‘क्ष’ कुठे असायचा? डोळे मिटून, हात लांब करून ते हवेत बरोबर एका जागी बोट ठेवतात.

फक्त आज वार कोणता, हे त्यांना हल्ली सापडत नाही.

"आज वार कोणता रे?" हा प्रश्न पहिल्यांदा येतो तो सकाळी चहाच्या आधी. मी सांगतो, मंगळवार. चहा झाल्यावर पुन्हा येतो. मी दाढी करत असताना येतो, डबा भरत असताना येतो, चपलेत पाय घालत असताना येतो. एका रविवारी मी मोजले. सतरा वेळा. (बँकेतल्या माणसाला मोजायची खोड असते, तिला इलाज नाही.) तेरा-चौदा वेळा माणूस प्रेमाने सांगतो. पुढे आवाजाला धार येते. आणि बाकी काही लक्षात राहो न राहो, ती धार नानांना बरोबर कळते. मग ते "बरं, बरं" म्हणतात आणि गप्प होतात. त्या ‘बरं, बरं’नंतर दिवसभर माझी कॅश टॅली होत नाही.

डॉक्टरांनी सांगितले, "वार, तारीख, वेळ सतत त्यांच्या डोळ्यांसमोर राहील असं काहीतरी करा. विचारावं लागलं नाही की माणूस जरा निवांत असतो."

सोपे वाटले. सातही वारांच्या पेठा असलेल्या आमच्या पुण्यात एका माणसाला वार दाखवणे ते काय अवघड? मी एक मोठी दिनदर्शिका आणून त्यांच्या पलंगासमोर टांगली. नानांनी ती नीट पाहिली आणि विचारले, "यातला आजचा कुठला?" तेव्हा माझ्या लक्षात आले की, दिनदर्शिकेत आजचा दिवस शोधायला आज कोणता दिवस आहे हे आधी माहीत असावे लागते. मग बँकेतल्यासारखा रोज एक पान फाडायचा तारखेचा ठोकळा आणला. ही कल्पना नानांना फार आवडली. पहिल्या दिवशी येता-जाता त्यांनी अत्यंत जबाबदारीने पाने फाडली. आधीचे फाडल्याचे आठवत नसल्यामुळे संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आमच्याकडे पुढच्या महिन्यातली संकष्टी होती.

तिसरा प्रयोग म्हणजे तयार मिळणारे डिजिटल घड्याळ. लाल आकडे, खाली इंग्रजीत वाराची तीन अक्षरे. गुरुवारी सकाळी नानांनी टी, एच, यू अशी अक्षरे जुळवली, चष्मा पुसून पुन्हा जुळवली आणि मला हाक मारली.

"अरे, हे सकाळी सकाळी थू थू कुणाला करतंय?"

वार मराठीत हवा, हे त्या दिवशी नक्की झाले.

"बाबा, तू उगाच विकत काय आणतोस?" चिरंजीव म्हणाले. (मी वडलांना ‘अहो’ म्हणतो आणि माझा मुलगा मला ‘अरे’ म्हणतो. मधल्या मधे माझा आदर कुठे गेला, याची चौकशी चालू आहे.) "माझा पाय पडलाय ना कपाटात."

सौ. स्वयंपाकघरातून धावत आली. पण हा पाय म्हणजे रास्पबेरी पाय. चिरंजीव डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, आणि शाळेत असताना कसल्याशा प्रकल्पासाठी मीच हट्टापायी त्यांना तो घेऊन दिला होता. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, तर समजून घ्यावा, म्हणून इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ साली हा अख्खा संगणक एका हिरव्या पट्टीवर बसवून बाजारात आणला. आकार क्रेडिट कार्डाएवढा. बँकेतल्या अनुभवावरून सांगतो, या आकाराची वस्तू घरात आली की खर्च मागून येतोच. कारण या संगणकाला डोके आहे, पण तोंड नाही. आतल्या आत सगळे कळते, पण सांगायचे तर स्वतःचा पडदा नाही. तो आपण निवडून लावायचा.

"कुठलाही छोटा एलसीडी चालेल," चिरंजीव म्हणाले आणि क्रिकेट खेळायला गेले. ‘कुठलाही’ हा शब्द किती महाग असतो, हे त्या वयात कळत नाही.

पुण्यात असल्या वस्तू घ्यायच्या तर तपकीर गल्ली. बुधवार पेठेतल्या त्या बोळात मी शनिवारी बँक अर्धी सोडून गेलो. अर्धी म्हणजे, बँकेला पूर्ण सुट्टी होती, पण शनिवारी दुपारी बाहेर पडले की अर्धी सोडल्यासारखे वाटते, ही जुनी सवय. दुकानात काउंटरपलीकडे एक विशीतला मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता.

"एक लहान एलसीडी डिस्प्ले द्या."

"कॅरेक्टर पाहिजे का ग्राफिक?"

"कॅरेक्टर चांगलंच पाहिजे. वडलांच्या खोलीत लावायचाय."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "एसपीआय का एचडीएमआय?"

"नाही, आमची बँक दुसरी," मी म्हणालो.

यापुढे तो माझ्याशी फार सौजन्याने वागला. एखाद्या निरक्षर खातेदाराशी मी जसा वागतो, तसा. त्याने काचेवर एकेक नमुना मांडला. एकात नुसती अक्षरे उमटतात, सोळा सोळाच्या दोन ओळी. एक जुन्या नोकिया फोनचा, आडवे चौऱ्याऐंशी ठिपके, उभे अठ्ठेचाळीस. एक साडेतीन इंची रंगीत, थेट पायाच्या टाचण्यांवर बसणारा. एक पाच इंची, एक सात इंची. आणखी दोन होते, पण ते एलसीडी नव्हेतच, ओएलईडी, असे तो म्हणाला. ते स्वतःच्या उजेडाने दिसतात, एलसीडीला मागून दिवा लागतो. मी प्रत्येकाचा दर कागदावर लिहून घेतला आणि घरी येऊन रीतसर तुलनात्मक तक्ता केला. सर्वांत कमी दर सोळा-दोनचा. दोनशे रुपयांच्या आत. शिफारस करण्यात आली.

हा सोळा-दोन म्हणजे एक गृहस्थच आहे. लिफ्टमध्ये, वजनकाट्यावर, झेरॉक्सच्या मशीनवर जो हिरवा किंवा निळा दोन ओळींचा पडदा दिसतो, तोच हा. पहिल्या रात्री चिरंजीवांनी तारा जोडून तो चालू केला, तर वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन आले आणि खालची ओळ कोरी. मला वाटले, दोनशे रुपये गेले. चिरंजीवांनी पाठीमागचा इवलासा निळा स्क्रू पिळला, तसे चौकोन फिके होत गेले. म्हणजे सोळा-दोन बिघडलेला नव्हता, त्याला अजून कुणी काही सांगितलेच नव्हते. काय लिहायचे ते सांगेपर्यंत हा काळे चौकोन दाखवून बसतो. आमच्या शाखेत असे दोघे आहेत.

मग त्याला सांगून पाहिले, तर पडद्यावर जपानी अक्षरे उमटली. एक तार सैल होती. तारेने चुकीचा निरोप दिला की हा जपानी बोलतो, कारण याच्या डोक्यातली मूळ चिप हिताची या जपानी कंपनीची. तिच्या पोटात इंग्रजी अक्षरे भरली आहेत, आकडे आहेत आणि जपानी काताकाना आहे. मराठी? नाही. गुजराती, तमिळ, काही नाही.

"पण आपली अक्षरं बनवता येतात," चिरंजीव म्हणाले. "प्रत्येक अक्षराला आडवे पाच, उभे आठ ठिपके. कुठला काळा, कुठला कोरा, ते आपण सांगायचं. फक्त आठच अक्षरं मावतात. सात वारांना त्याच्या दुप्पट लागतील. म्हणजे जमणार नाही."

नाना खाटेवर बसून हे ऐकत होते. "किती खिळे म्हणालास?" त्यांनी विचारले.

"आठ, आजोबा."

"केसमध्ये आठच खण?"

"हो."

नाना थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "सोमवारला चार. सो, म, वा, र. मंगळवारला पाच, तोच सगळ्यांत लांब. सगळे मिळून सोळा होतात. पण एका दिवशी वार एकच असतो ना रे? मग आठ पुष्कळ झाले. आजची ओळ छापून झाली की खिळे मोडायचे, रात्री उद्याचे भरायचे. आम्ही दुसरं काय करत होतो?"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. मी चिरंजीवांकडे. ही गोष्ट खरीच होती. ती आठ अक्षरे केव्हाही पुसून नवी भरता येतात. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि बी.कॉम.ला ती सुचली नव्हती.

त्या रात्रीपासून आमच्या घरात छापखाना सुरू झाला. चिरंजीवांची जुनी चौकटीची गणिताची वही निघाली. नाना पेन्सिलीने पाच बाय आठची चौकट आखत आणि तिच्यात अक्षर बसवत. अक्षरागणिक चाळीस घरे. ‘र’ पहिल्या फटक्यात आला. ‘म’ आला. ‘वा’ला पाच घरे रुंदी कमी पडली, तर त्यांनी ‘व’चे पोट आत ओढून काना बसवला. ‘सो’साठी वरच्या दोन ओळी मात्रेला ठेवल्या, तिसऱ्या ओळीत शिरोरेषा. ‘गु’, ‘रु’, ‘बु’ यांना मात्रा नाही पण खाली उकार, म्हणून तिथे शिरोरेषा वर सरकवली, तर एकाच शब्दातली अक्षरे पायरीसारखी दिसू लागली. पुन्हा सगळी खोडली. ‘श’ने मात्र चार रात्री घेतल्या. "श चाळीस घरांत राहत नाही," नाना म्हणाले. "त्याला स्वतंत्र बंगला लागतो." या चार रात्रींत त्यांनी वार किती वेळा विचारला, हे मी मोजले नाही. मोजायची आठवण झाली नाही, इतका कमी.

शेवटी एका संध्याकाळी सोळा-दोनवर ‘गुरुवार’ उमटला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. अक्षरे ओळखू येत होती, पण प्रत्येक अक्षराच्या मधे एक बारीक फट. पडद्यावरच्या दोन घरांच्या मधे काचेतच जागा सोडलेली असते. तिथे ठिपकाच नसतो, तर काळा कुठून करणार? इंग्रजीला ही फट लागतेच. आमच्या शिरोरेषेचे मात्र चार तुकडे झाले.

नानांनी भिंग लावून पाहिले. "दात पडलेल्या माणसासारखा दिसतोय गुरुवार," ते म्हणाले. मग खाटेवर जाऊन आडवे झाले आणि तिथून पाहिले. "आणि इथून तर माणूसही दिसत नाही."

हे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. अक्षराची उंची जेमतेम अर्धा सेंटिमीटर, आणि नानांचा पलंग समोरच्या भिंतीपासून आठ फूट. मोतीबिंदूचे ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचे झालेले. सर्वांत कमी दराची शिफारस करणाऱ्या माणसाने वस्तू कोण वापरणार, हा रकाना तक्त्यात ठेवलाच नव्हता.

दुसरी निवड चिरंजीवांची. साडेतीन इंची रंगीत, आडवे ४८० ठिपके, उभे ३२०. तिची कहाणी लवकर आटोपतो, कारण तिने माझा फार वेळ घेतला. आधी तीन दिवस पडदा नुसता पांढराशुभ्र राहिला. त्याला लागणारा ड्रायव्हर पायात घालावा लागतो, आणि तो ड्रायव्हर आमच्या पायाच्या नव्या प्रणालीशी बोलत नव्हता. तो बोलू लागला तर अक्षरे आली आणि चिरंजीव विजयी मुद्रेने उभे राहिले. पडद्यावर ‘शनिवार’ होता, पण त्यातली ऱ्हस्व वेलांटी ‘न’च्या आधी असायची ती नंतर येऊन ‘वा’ला चिकटली होती. चिरंजीवांनी ज्या प्रोग्रॅममधून अक्षरे काढली होती, त्याला मराठी अक्षरे एकापुढे एक मांडता येत होती, जुळवता येत नव्हती.

"दादा, वेलांटी आधी," नाना म्हणाले. प्रुफे तपासताना वापरायची खूण त्यांनी हवेतच केली.

"आजोबा, कॉम्प्युटर तसंच दाखवतो."

"मग कॉम्प्युटरला परत पाठव. दुसरं प्रूफ आण."

दुसरे प्रूफ आले. पायातल्या ब्राउझरला जुळवणी येते, असा शोध चिरंजीवांना रात्री दीडला लागला. त्यातून काढले तर वेलांटी जागेवर गेली, ‘शुक्रवार’चा ‘क्र’ही नीट आला. पण तोपर्यंत तिसरेच निघाले. समोर बसून पाहिले तर अक्षरे छान. पलंगावर आडवे पडून खालून पाहिले, तर काळ्याचे पांढरे नि पांढऱ्याचे काळे होऊन सगळे फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसे. स्वस्तातल्या एलसीडीला असा बघण्याचा कोन असतो म्हणे. चिरंजीवांनी मला समजावून सांगितले. एलसीडीत जो पदार्थ भरलेला असतो, तो धड घन नव्हे, धड द्रव नव्हे. १८८८ साली राइनिट्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला तो सापडला, गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना. १४५ अंशांना वितळून तो गढूळ होई आणि १७८ अंशांच्या पुढे एकदम स्वच्छ. म्हणजे दोनदा वितळे. या मधल्या अवस्थेतल्या पदार्थाच्या काड्या विजेने वळतात, आणि त्या वळल्या की उजेड अडतो किंवा सुटतो. आपण कुठून बघतो, त्यावर मग दिसणे अवलंबून. मला त्या पदार्थाविषयी एकदम आपुलकी वाटली. धड ऑफिसर नव्हे, धड शिपाई नव्हे, वरून वीज आली की वळायचे. आमची क्लार्क मंडळी दुसरे काय करतात? पण आपुलकीने वार दिसत नाही. साडेतीन इंची परत कपाटात गेला.

तिसऱ्या वेळी मी तक्ता केला नाही. नानांनाच रिक्षाने तपकीर गल्लीत नेले. बोळ अरुंद, वरून तारांची जाळी, दोन्ही बाजूंनी हातगाड्या. मला वाटले, घाबरतील. ते उलट एकदम ताजेतवाने झाले. "इथून सरळ गेलं की पासोड्या विठोबा," त्यांनी मला सांगितले. मी चाळीस वर्षे पुण्यात राहतो. दुकानातला तो मुलगा मला पाहताच उभा राहिला. त्याने बहुधा मला गिऱ्हाइकांतून काढून नातेवाइकांत घातले होते.

"आजोबांना दाखवा," मी म्हणालो.

नानांनी दुकानातल्या बाकावर बसून, मान खाली घालून, मग मागे रेलून, एकेक पडदा पाहिला. मुलाने त्यांच्यासाठी सात इंची आयपीएस चालू केला. आडवे १०२४ ठिपके, उभे ६००, आणि आयपीएस म्हणजे कुठूनही बघा, रंग फिरत नाहीत. नाना बाकावरून उठले, दुकानाच्या पायरीपर्यंत आठ पावले मागे गेले (मागून येणारा एक हमाल थांबला), आणि तिथून म्हणाले, "हा वाचता येतो."

त्यांनी दर विचारला नाही. मी विचारला. सोळा-दोनच्या कितीतरी पट. त्या रकमेत सौ.ने निवडलेल्या कापडाचे सगळ्या घराचे पडदे झाले असते, असे पुढे मला घरी समजले.

आता समोरच्या भिंतीवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत वार, त्याखाली ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘संध्याकाळ’ किंवा ‘रात्र’, आणि त्याखाली तारीख. नुसते सहा वाजले म्हणून भागत नाही. सकाळचे का संध्याकाळचे, हाही प्रश्न असतो. पहिल्या रात्री एक अडचण आली. एलसीडीचा काळा खरा काळा नसतो, मागचा दिवा चालूच असतो. सगळी खोली राखाडी उजेडाने भरली. मग रात्री दहानंतर तो दिवा मंद करायची सोय केली. पहाटे तीनला नाना जागे होतात, समोर ‘गुरुवार, पहाट’ वाचतात आणि पुन्हा झोपतात. पूर्वी ते उठून दाढीचे पाणी तापवायला जात. एक महिना असा गेला. वार दिवसातून दोन-तीनदा विचारला जाई, आणि मला प्रत्येक वेळी प्रेमाने सांगता येई.

त्यानंतर एका मंगळवारी सकाळी आम्ही सगळे चिंचवडला बहिणीकडे गेलो. निघताना सौ.ने शिस्तीप्रमाणे गॅस, नळ आणि घरातली सगळी बटणे बंद केली. बुधवारी रात्री उशिरा परतलो आणि आल्या आल्या झोपलो. सकाळी उठून मी बटणे चालू केली. नेहमीप्रमाणे चपलेत पाय घालताना नानांची हाक आली.

"आज वार कोणता रे?"

महिनाभरात माझीही सवय मोडली होती. मी मान वळवली आणि वाचून सांगितले, "मंगळवार."

"नाही. गुरुवार."

"नाना, मंगळवार. समोर बघा की." आवाजाला धार आली होती, हे आता मान्य करतो.

नाना "बरं, बरं" म्हणाले नाहीत. "ते मी बघितलं," ते म्हणाले. "चूक आहे. सकाळपासून नळाला पाणी नाही. आपल्याकडे दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं ते गुरुवारी. मंगळवारी कधी बंद होतं?"

मी खिशातून फोन काढला. गुरुवार होता.

चिरंजीवांना झोपेतून उठवले. त्यांनी डोळे चोळत पाहिले. "इंटरनेट बंद आहे. बिल भरलं नाहीस का बाबा?" बिलाची शेवटची तारीख बुधवार होती. मी विसरलो होतो.

"पण इंटरनेट नसलं म्हणून याला वार कळू नये?"

"याच्या आत घड्याळाला सेलच नाही. वीज गेली की याला काही आठवत नाही. मधूनमधून वेळ लिहून ठेवतो तेवढीच. पुन्हा चालू झाला की त्या लिहिलेल्या वेळेपासून पुढे मोजायला लागतो. मग इंटरनेटवर कुणाला तरी विचारतो, आता खरं किती वाजले, आणि दुरुस्त करून घेतो."

"म्हणजे हा रोज दुसऱ्याला विचारतो?"

"रोज कसला? सारखाच विचारत असतो."

नाना पलंगावर बसून ऐकत होते. "बघ," ते म्हणाले. "आणि त्याला कुणी ओरडत नाही."

त्या दिवशी मी बँकेत उशिरा गेलो. कॅश टॅली व्हायला रात्रीचे साडेसात झाले. येताना तपकीर गल्लीतून एक लहानसे घड्याळ आणले, डीएस३२३१ नावाचे. नखाएवढी चिप आणि मागे नाण्यासारखा सेल. पायाच्या टाचण्यांवर ते बसवले की वीज गेली तरी वार चालू राहतो. दुकानातल्या मुलाने पैसे घेताना आजोबांची चौकशी केली. इंटरनेटचे बिल मी दुकानाच्या पायरीवर उभा राहूनच भरले.

सोळा-दोन आता नानांच्या टेबलावर असतो. चौकटीची वही दुसरी घ्यावी लागली. सात वार संपून नाना जोडाक्षरांना लागले आहेत. ‘ज्ञ’ झाला. ‘क्ष’ चाळीस घरांत बसत नाही, पण मधली फट धरून दोन खिळ्यांत बसेल असे त्यांचे म्हणणे आहे.

काल सकाळी मी चपलेत पाय घालत होतो.

"आज वार कोणता रे?"

मी पडद्याकडे न बघता, आठवून, सांगितले, "शुक्रवार."

"बरोबर," नाना म्हणाले. "तुझं तपासत होतो."